सॉकेटातील वाकलेली पिन : ओळख, दुरुस्ती आणि दक्षता

संगणकाचे सुटे भाग विकत आणून घरच्या घरी संगणक जोडणारे विद्यार्थी आज लहानमोठ्या सर्वच गावांत दिसतात. तयार संगणकापेक्षा यात चार पैसे वाचतात. जुना मदरबोर्ड किंवा जुना प्रोसेसर घेतला तर आणखी वाचतात आणि यंत्राच्या अंतरंगाची ओळख होते ती वेगळीच. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र या कामात एक जागा अशी आहे, की जिथे क्षणभराची घाई कित्येक हजारांचा माल निकामी करू शकते. ती जागा म्हणजे प्रोसेसर बसवायचे सॉकेट आणि त्यातील केसासारख्या बारीक पिना.

ज्या घरात संगणकासाठी पै-पै साठवलेली असते, प्रसंगी पतपेढीचे कर्ज काढलेले असते, त्या घरात "बोर्ड गेला" हे शब्द फार जड असतात. मुलगा अपराध्यासारखा गप्प बसतो, घरचे हळहळतात आणि ज्या अभ्यासासाठी हा खटाटोप केला तो तसाच राहतो. परंतु आमच्या पाहण्यात असे आले आहे की, गेला म्हणून माळ्यावर टाकलेला प्रत्येक बोर्ड खरोखरच गेलेला नसतो. कधी त्यात एखाददुसरी पिन वाकलेली असते व ती सरळ करता येते. याउलट, सरळ करता आली असती अशी पिन चुकीच्या हाताळणीमुळे तुटते आणि मग मात्र बोर्ड खरोखरच जातो. म्हणून या विषयाची साधी, व्यवहारोपयोगी माहिती येथे देत आहोत. ती समजण्यासाठी विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. शांत डोके, चांगला उजेड व स्थिर हात असला म्हणजे पुरे.

पिना कशासाठी असतात?

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू आहे असे आपण म्हणतो. पण मेंदूला मज्जातंतू हवेतच. प्रोसेसरला वीज पुरविणे, स्मृतीतील म्हणजे रॅममधील माहिती आणणे-नेणे, पडद्यावरील चित्राचे संदेश पाठविणे, डिस्कशी बोलणे ही सर्व कामे पिनांमार्फत होतात. इंटेल कंपनीच्या १९७१ सालच्या ४००४ या पहिल्या प्रोसेसरला अवघे १६ पाय होते. १९७८ सालच्या ८०८६ ला ४० होते, तर १९८९ साली आलेल्या ८०४८६ ला १६८ पिना होत्या. काम वाढत गेले तशा पिना वाढल्या. २०२१ साली आलेल्या इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटात नावाप्रमाणेच १७०० पिना आहेत. जागा मात्र त्या प्रमाणात वाढलेली नाही. साहजिकच पिना अधिक बारीक व अधिक दाट झाल्या.

या पिनांची मांडणी दोन प्रकारची असते आणि दुरुस्तीची पद्धत त्यावर अवलंबून असल्याने हा भेद नीट समजून घ्यावा.

पहिल्या प्रकारात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात व सॉकेटात नुसती भोके असतात. याला पीजीए म्हणतात. एएमडी कंपनीचे एएम ४ सॉकेटाचे प्रोसेसर या प्रकारचे असून त्यांना १३३१ पिना असतात. दुसऱ्या प्रकारात उलट रचना असते. प्रोसेसरच्या पोटाला सोन्याचा मुलामा दिलेले चपटे ठिपके असतात आणि पिना सॉकेटात असतात. याला एलजीए म्हणतात. इंटेलने घरगुती संगणकांसाठी ही पद्धत २००४ साली एलजीए ७७५ या सॉकेटापासून स्वीकारली. एएमडीने घरगुती संगणकांसाठी ती २०२२ साली एएम ५ या १७१८ पिनांच्या सॉकेटात आणली.

एलजीए सॉकेटातील पिन ही खिळ्यासारखी उभी नसते. ती एक चिमुकली स्प्रिंग असते. वर येऊन एका बाजूला झुकलेली. प्रोसेसर वरून दाबला गेला की ती किंचित खाली जाते आणि आपल्या ताणाने ठिपक्याला चिकटून राहते. तेव्हा एलजीए सॉकेटातील सर्व पिना तिरप्या दिसल्या तर घाबरू नये. त्या तशाच असावयास हव्यात. पिनांच्या ओळीत एखादीच वेगळी दिसली तर मात्र शंका घ्यावी.

पिना वाकतात कशा?

आमच्या अनुभवाने याची कारणे मोजकीच आहेत. प्रोसेसर बसविताना तो बोटातून निसटून सॉकेटावर पडणे हे पहिले कारण. प्रोसेसर तिरपा टेकवून मग सरकवत जागेवर आणणे हे दुसरे. तिसरे म्हणजे सॉकेट कापडाने किंवा कापसाने पुसणे. कापसाचा धागा पिनेच्या टोकात अडकतो आणि ओढताना पिनेला सोबत नेतो. चौथे कारण वाहतूक. जुना बोर्ड वरचे प्लास्टिकचे झाकण न लावता वर्तमानपत्रात गुंडाळून दिला जातो व रस्त्यातच कशाचा तरी कोपरा सॉकेटात शिरतो.

पीजीए प्रकारात आणखी एक प्रसंग हमखास घडतो. प्रोसेसरवरील कूलर काढताना मधली थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की सॉकेटाची खिटी बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात.

लक्षणे

पिन वाकली म्हणजे संगणक पूर्णपणे बंदच पडेल असे नाही. कोणती पिन वाकली यावर लक्षण ठरते. रॅमची पिन असेल तर एखाद्या खाचेतील रॅम दिसत नाही. ग्राफिक कार्डाच्या खाचेची असेल तर कार्ड ओळखले जात नाही. वीज किंवा जमिनीच्या अशा पिना अनेक असतात. त्यातील एखादी स्पर्श करीत नसली तरी यंत्र चालू राहू शकते; परंतु तिचा भार शेजारणींवर पडतो, म्हणून "चालतेय ना" असे म्हणून दुर्लक्ष करू नये. सर्वांत धोक्याची अवस्था म्हणजे एक पिन वाकून शेजारच्या पिनेला टेकणे. त्यातील एक विजेची असेल तर बोर्डासह प्रोसेसरही जळू शकतो.

एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याने जुना एच ६१ जातीचा बोर्ड घेतला. या बोर्डांवर एलजीए ११५५ सॉकेट व रॅमच्या दोनच खाचा असतात आणि प्रत्येक खाच प्रोसेसरशी स्वतंत्र मार्गाने जोडलेली असते. त्याने चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या बसविल्या. पण संगणक चारच जीबी दाखवी. दुकानदाराने रॅम खराब असल्याचे सांगून नवी पट्टी विकली. तरीही चारच. वस्तुतः जुनी पट्टी पहिल्या खाचेत घालून पाहिली असती तर ती उत्तम चालते हे तिथेच कळले असते. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत चालतात आणि दुसऱ्या खाचेत एकही चालत नाही, याचा अर्थ दोष पट्टीत नाही. खाच, बोर्डावरची वाट किंवा सॉकेट यांपैकी कुठेतरी आहे. प्रोसेसर काढून भिंगाने पाहिले तेव्हा सॉकेटाच्या कडेची एक पिन मान टाकून पडलेली आढळली. ती उचलल्यावर आठ जीबी दिसू लागले. नव्या पट्टीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

यातून घेण्यासारखा धडा असा, की नवा भाग विकत घेण्यापूर्वी असलेल्या भागांची अदलाबदल करून दोष नेमका कुठे आहे हे ठरवावे.

हात लावण्यापूर्वी

बँकेच्या खिडकीवर पाटी असते, की खिडकी सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी. मदरबोर्ड घेतानाही हाच नियम पाळावा. दुकानातच झाकण उघडावयास सांगून सॉकेट उजेडात पाहावे, भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घ्यावे आणि पक्की पावती घ्यावी. माल घरपोच मागविला असेल तर खोके उघडण्यापासून सॉकेट दिसेपर्यंत सलग चित्रीकरण करावे. वाकलेली पिन ही बहुतेक कंपन्यांच्या हमीत बसत नाही, कारण ती ग्राहकाच्या हाताने झालेली इजा मानली जाते. ती आधीपासूनच होती हे सिद्ध करण्याचे साधन म्हणजे हेच छायाचित्र.

याच कारणास्तव, बोर्ड नवा असून पिन वाकलेली आढळली तर तिला सुई लावू नये. झाकण लावून, छायाचित्रांसह बोर्ड दुकानदाराकडे न्यावा. आपण एकदा हात लावला की आपला दावा दुबळा होतो. दुकानदार ऐकत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही.

जुना, हमी संपलेला बोर्ड असेल तरच पुढील उपाय स्वतः करावा.

एलजीए सॉकेटातील पिन सरळ करणे

साहित्य : बारीक टोकाची शिवणाची सुई, बारीक चिमटा, भिंग, हलविता येणारा दिवा आणि कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो तो रबरी फुंकणी फुगा. सुई हातात ठरत नसेल तर ती पेन्सिलीच्या मागील रबरात खोचून घ्यावी.

१) विजेची जोडणी काढावी. कूलर व प्रोसेसर उतरवावा. बोर्ड पेटीतून बाहेर काढून लाकडी टेबलावर ठेवावा. बोर्डावरील नाण्यासारखी बॅटरीही काढावी. काम सुरू करण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या थंडीत स्वेटर काढताना जो चटचट आवाज होतो, तीच ही वीज. अंगावर लोकरीचे कपडे असताना हे काम करू नये.

२) दिवा वर न धरता बाजूने धरावा. सारख्या पिना सारख्याच चमकतात. वाकलेली पिन ओळीतून वेगळी चमकते किंवा तिच्या जागी काळोख दिसतो. बोर्ड चारही बाजूंनी फिरवून पाहावा. काही सॉकेटांत एका भागातील पिना एका दिशेला व दुसऱ्या भागातील दुसऱ्या दिशेला झुकलेल्या असतात. म्हणून तुलना नेहमी लगतच्या पिनांशीच करावी. छायाचित्र मोठे करून पाहिले की डोळ्याला न दिसणारा दोष दिसतो.

३) पिन कोणत्या बाजूला गेली आहे हे निश्चित करावे. खाली दबली आहे, आडवी गेली आहे, की मागे उलटली आहे? याचे उत्तर मिळाल्याशिवाय सुई आत नेऊ नये.

४) मनगट टेबलावर टेकवावे. पिनेच्या टोकाला न धरता टोकाखालच्या वाकलेल्या भागाला सुईने हलकेच ढकलावे. जेवढे हवे त्याच्या निम्मेच ढकलावे, थांबावे, भिंगातून पाहावे व पुन्हा थोडे ढकलावे. हे महत्त्वाचे आहे. आपण तार पुढे-मागे वाकवून तोडतो. पिनेचेही तसेच आहे. एकदा जास्त वाकवून पुन्हा मागे आणली, पुन्हा पुढे नेली, की ती मुळाशी तुटते. दहा छोटे धक्के एकाच दिशेने चालतील; मागे-पुढे करणे मात्र टाळावे.

५) पिन ओळीत आली म्हणजे काम संपले असे नाही. बोर्ड डोळ्याच्या पातळीवर धरून बाजूने पाहावे. सर्व टोके एका उंचीवर असली पाहिजेत. खाली राहिलेली पिन प्रोसेसरला टेकत नाही. त्याचबरोबर ती शेजारच्या कोणत्याही पिनेला चिकटलेली नाही याची खात्री करावी.

६) फुग्याने हवा मारून धूळ काढावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे कण आत जातात. सॉकेटात थर्मल पेस्ट गेली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल व अत्यंत मऊ ब्रश वापरून पिनांच्या झुकावाच्या दिशेनेच हलक्या हाताने ती काढावी आणि पूर्ण वाळू द्यावी.

७) प्रोसेसर कडांना धरून, त्याच्या खाचा सॉकेटाच्या उंचवट्यांशी जुळवून, सरळ खाली ठेवावा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. वरून दाबू नये, सरकवू नये. त्यानंतर झडप व खिटी बंद करावी. एलजीएची खिटी थोडी जड जाते व करकरते. ते स्वाभाविक आहे.

८) कूलर बसविल्यावर एकच रॅम पट्टी लावून संगणक सुरू करावा. चित्र आले की प्रत्येक खाच पाळीपाळीने तपासावी, मग सर्व पट्ट्या एकत्र, मग ग्राफिक कार्ड. शेवटी मेमटेस्टसारखा रॅम तपासणारा कार्यक्रम काही तास चालू ठेवावा. पाच मिनिटे चालला म्हणून दुरुस्त झाला असे समजू नये.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. पिना एकमेकींना टेकलेल्या नाहीत याची खात्री नसताना महागडा प्रोसेसर त्या सॉकेटात ठेवू नये. स्वस्त बोर्ड वाचविण्याच्या नादात महाग प्रोसेसर गमावणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

पिन प्रोसेसरला असेल तर

पीजीए प्रकारातील पिना उभ्या व तुलनेने दणकट असतात, म्हणून हे काम थोडे सोपे आहे. पूर्ण ओळच झुकली असेल तर जुने, मुदत संपलेले एटीएम कार्ड किंवा तसलेच पातळ कडक कार्ड दोन ओळींच्या मधून सरकवून ओळ उभी करावी. हे आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी करावे. एकटी पिन वाकली असेल तर ०.५ मिलिमीटरच्या यांत्रिक पेन्सिलीतील शिसे पूर्ण काढून तिचे पोकळ टोक पिनेवर अलगद चढवावे आणि हळूहळू उभे करावे. शिशाचा तुकडाही आत राहता कामा नये; ते वीज वाहून नेते.

सॉकेटाची खिटी पूर्ण वर केल्यावर प्रोसेसर कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण जुळवून भोकांवर ठेवावा. तो आपोआप आत उतरला पाहिजे. उतरत नसेल तर एखादी पिन अजून तिरपी आहे असे समजून पुन्हा पाहावे. अंगठ्याने दाबून बसविणे म्हणजे तिरप्या पिनेला आडवी करणे होय.

कूलर काढतानाची खबरदारी साधी आहे. संगणक पाच-दहा मिनिटे चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग तो बंद करून विजेची जोडणी काढावी आणि कूलर सरळ न ओढता हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवावा.

पिन तुटलीच तर

तुटलेली पिन घरी जोडता येत नाही. इंटेलच्या अनेक सॉकेटांचे पिनांचे नकाशे कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकांत दिलेले असतात. त्यावरून तुटलेली पिन कोणत्या कामाची हे पाहता येते. ती राखीव किंवा जोडणीच नसलेली निघाली तर नशीब. एका रॅम मार्गाची निघाली तर उरलेल्या मार्गावर तो बोर्ड साध्या लेखनकामाला उपयोगी पडू शकतो. अन्यथा मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराकडे जावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे कारागीर आहेत. ते निकामी बोर्डावरील पिन काढून येथे बसवितात किंवा संपूर्ण सॉकेटच बदलतात. मात्र आधी खर्च विचारावा. दुरुस्तीचा खर्च तशाच जुन्या बोर्डाच्या किमतीच्या जवळ जात असेल तर दुसरा बोर्ड घेणेच शहाणपणाचे ठरते. पहिला बोर्ड फेकू नये. त्याच्यावरच पुढच्या मुलांना सुई धरावयास शिकविता येते.

अखेरचा मुद्दा

हे सर्व तांत्रिक झाले. पण या विषयाला व्यवहाराच्या सचोटीचीही एक बाजू आहे. पिन वाकलेला बोर्ड झाकण लावून गुपचूप विकण्याचे प्रकार बाजारात होतात. असा बोर्ड घेणारा बहुधा आपल्यासारखाच, कमी पैशात संगणक जोडू पाहणारा कोणीतरी विद्यार्थी असतो. म्हणून दुरुस्त केलेला बोर्ड विकताना "याची अमुक पिन सरळ केली आहे, दोन्ही खाचा तपासल्या आहेत" असे स्पष्ट सांगून विकावा, त्याची किंमत त्याप्रमाणे घ्यावी. चार पैसे कमी मिळतील, परंतु घेणाऱ्याचे महिन्याभराचे श्रम वाया जाणार नाहीत. त्याचप्रमाणे ज्या घरात मुलाच्या हातून पिन वाकली असेल त्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला बोल लावून त्याचा हात कायमचा मागे घ्यायला लावू नये. त्याला भिंग आणून द्यावे, दिवा धरावा व शेजारी बसावे.

विद्यार्थी मित्रांनी प्रोसेसर प्रथम कडांना धरावयास शिकावे, सॉकेटाचे झाकण नेहमी जपून ठेवावे आणि जे आपोआप बसत नाही ते बळाने बसवू नये. इतके पाळले तरी या लेखातील सुईची गरज बहुतेकांना पडणार नाही, आणि तीच आमची इच्छा आहे.